पुढे आरोपी, मागे पंच

पोलीस ठाण्यातली मागची खोली. टेबलावर कागद, शेजारी लाखेची कांडी आणि मेणबत्ती. दोन पंच येऊन बसलेत. एक समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातला, दुसरा रिक्षा स्टँडवरून ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणून उचलून आणलेला. फौजदार सांगतो, हवालदार लिहितो: आज रोजी अटकेतील आरोपी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय निवेदन करतो की, गुन्ह्यात वापरलेला कोयता मी लपवून ठेवला असून तो मी काढून देतो, माझ्यासोबत चला. खाली वेळ, आरोपीची सही किंवा अंगठा, पंचांच्या सह्या. मग सगळे जीपमध्ये बसतात आणि कागदाचा दुसरा भाग सुरू होतो. आरोपीने सांगितल्याप्रमाणे गाडी थांबविण्यात आली, आरोपी पुढे व आम्ही पंच आणि पोलीस त्याच्या मागोमाग चालत गेलो. गोठा येतो, गवताची गंजी येते, कोयता निघतो. त्याला खाकी कागद गुंडाळला जातो, पंचांच्या सह्यांचं लेबल लागतं, वर लाखेचं सील.

फौजदारी कोर्टात वर्षभर काढलेल्या कुठल्याही वकिलाला ही वाक्यं तोंडपाठ असतात. महाराष्ट्रात या कागदाला निवेदन पंचनामा म्हणतात, बोलताना नुसतं ‘मेमोरँडम’. जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली, तर तिथला हवालदारही हाच कागद करतो. फक्त त्याचं नाव ‘फर्द इत्तला’ असतं आणि पंचांना तिकडे ‘मोतबिर’ म्हणतात. मोतबिर म्हणजे ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा माणूस. आपला ‘मातबर’ त्याच अरबी शब्दातून आलेला. मराठीत येईपर्यंत त्याच्या खिशात पैसा आला, राजस्थानच्या ठाण्यांत मात्र तो अजून साक्षीदारच आहे. दोन्हीकडे माणूस बहुधा तोच: गर्दीतून हाताला धरून आणलेला.

पोलीस कोठडीत माणूस तासन्‌तास बोलतो, किंवा त्याला बोलतं केलं जातं. त्यातलं किती कोर्टापर्यंत पोहोचू द्यायचं, हा प्रश्न भारतात दीडशे वर्षांहून जुना आहे. कायद्याचं उत्तर आजवर साधारण एकच राहिलं: जवळपास काहीच नाही, एक वाक्य सोडून. त्या एका वाक्यापायी केवढा कागद खर्ची पडला, हे अपिलांची बाडं चाळली की कळतं.

इंग्रजांच्या आधी मराठी मुलखात कबुलीचा क्रम वेगळा होता. गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे वाद चालायचा, पुरावा अपुरा पडला तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा काढायचा, मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी ती फोडून हात पाहायचा. निकाल लागला की हरलेल्या पक्षाकडून यजितखत लिहून घ्यायचे, म्हणजे आपण खोटे ठरलो याची लेखी कबुली. हे बहुतेक वतनाचे आणि मिळकतीचे वाद, खुनाचे नव्हेत. तरी एक गोष्ट ध्यानात येते. इथे कबुलीवर निवाडा उभा राहत नसे, निवाड्यामागून कबुली येई. (कोठडी म्हटली की पुणेकराच्या तोंडी घाशीराम कोतवालाचं नाव येतंच. पण १७९१ साली कोंडलेले तेलंग ब्राह्मण गुदमरून मेले आणि लोकांनी कोतवालाला दगडांनी ठेचलं, तो कोठडीतल्या मरणाचा इतिहास, कबुलीचा नव्हे.)

कंपनी सरकारच्या काळात चौकशीची सूत्रं हळूहळू पगारी पोलिसाच्या हाती गेली. गुन्हा उलगडला नाही तर वरून खरमरीत पत्र येणार, आणि उलगडण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे संशयिताचं तोंड. १८५४ मध्ये पार्लमेंटात ओरड झाली आणि मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करायला आयोग बसला. १८५५ च्या त्याच्या अहवालात बोटं चिरडणाऱ्या ‘किट्टी’चं आणि माणसाला वाकवून बांधून ठेवणाऱ्या ‘अनुंदाल’चं वर्णन आहे. महसूल वसूल करायला आणि कबुली काढायला हत्यारं एकच होती, हेही त्यात आलं. मुंबई इलाखा फार वेगळा नव्हता. १८५० च्या दशकाच्या मध्याला नाशिकमध्ये गुन्नू नावाचा संशयित पोलिसांच्या छळाने मेला आणि प्रकरण गाजलं. इतिहासकार अनुपमा राव यांनी या खटल्याचे कागद पुन्हा वाचले आहेत. गुन्नूच्या शरीरावरच्या खुणा डॉक्टरने नोंदवल्या, सरकारने धक्का बसल्याचं दाखवलं आणि सगळा दोष ‘नेटिव्ह’ पोलिसाच्या स्वभावावर ढकलून दिला. ज्या व्यवस्थेने त्या पोलिसाकडून कबुली मागितली होती, ती नामानिराळी.

आपला कायदा याच अविश्वासातून जन्मला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १४८, १४९ आणि १५० अशी तीन कलमं आली. पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरायची नाही. कोठडीत असताना दुसऱ्या कोणापुढे दिलेलीही नाही, दंडाधिकारी जातीने हजर असल्याशिवाय. आणि त्या कबुलीतून एखादी वस्तुस्थिती उघड झाली, तर तेवढ्यापुरता भाग चालेल. जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तीन कलमं उचलून घेतली. तीच वकिलांची २५, २६ आणि २७. स्टीफनने पुढे फौजदारी कायद्याचा इतिहास लिहिला, त्यात हिंदुस्थानातल्या एका अधिकाऱ्याचं बोलणं टिपून ठेवलंय: उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं पोलिसाला सोपं जातं. पुरावा कायद्याच्या प्रत्येक वर्गात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतं. मुलं हसतात. प्राध्यापकही.

दार लावताना स्टीफनने २७ ची फट ठेवली, तिचं मूळ इंग्लंडात. १७८३ च्या वॉरिकशॉल खटल्यात एका बाईने सवलतीच्या आशेने चोरीच्या मालाची कबुली दिली आणि माल तिच्याच बिछान्यात सापडला. कबुली बाद, माल पुराव्यात, असं न्यायालय म्हणालं. तर्क साधा होता: मारून बोलतं केलेला माणूस खोटं बोलू शकतो, पण बिछान्यात सापडलेला माल खोटं कसा बोलेल? लंडनमध्ये ही मेख पटण्यासारखी होती. तिथून निघून ती भारतातल्या ठाण्यांच्या मागच्या खोलीत आली, तेव्हा तपासाची पद्धतच तिच्याभोवती वाढली. कबुली चालत नाही ना? मग कबुली पंचनाम्यात घाला. ‘मी खून केला’ चालत नाही. ‘मी ज्याने खून केला तो कोयता काढून देतो’ म्हणा. कोयत्याच्या पाठीवर बसून खुनाची कबुली कोर्टाच्या पायऱ्या चढते.

ही वाट अडवली मुंबईच्या एका माजी मुख्य न्यायमूर्तींनी. सर जॉन बोमाँट १९३० ते १९४३ मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, पुढे ते लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये बसले. १९४६ च्या अखेरीस गुंटूर भागातल्या एका खुनाचं अपील तिथे आलं, पुलुकुरी कोट्टय्या खटला. आरोपीने पोलिसांना सांगितलं होतं की अमक्याला भाल्याने भोसकलं, भाला अंगणात लपवलाय, जागा दाखवतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या जुन्या पूर्णपीठाने अशी पूर्ण वाक्यं आत घ्यायला वाट करून दिली होती. मुंबई आणि लाहोर तशी घेत नव्हते. बोमाँटनी मुंबईची बाजू घेतली. त्यांचा मुद्दा किंचित खवचट होता. घराच्या छपरात लपवलेली सुरी आरोपी काढून देतो म्हणून सुरीचा शोध लागत नाही, सुरी हे हत्यार जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शोध लागतो तो इतकाच, की ती छपरात आहे हे या माणसाला माहीत होतं. ‘मी हिने भोसकलं’ हा तुकडा त्या शोधाला काहीच जोडत नाही, म्हणून तो बाहेर. त्यानंतरच्या कुठल्याही अपिलात २७ चा मुद्दा निघाला की हा निकाल निघतोच. वकिलांनी तर त्याचं आडनावच करून टाकलंय: ‘कोट्टय्या लावा’.

वाक्य कुठे तोडायचं, हे शिकायचं तर मुंबईच्या हाजी बंदराचा खटला हातात घ्यावा. १९६८ साली गोदीतून फॉस्फरस पेंटॉक्साइडचे तीन ड्रम चोरीला गेले. पकडलेल्या माणसाने पोलिसांना सांगितलं ते साधारण असं: तीन केमिकलचे ड्रम कुठे ठेवलेत ती जागा मी सांगतो, ते मी १ ऑगस्टला हाजी बंदरातून काढले. पोलीस त्याच्याबरोबर गेले, एका मुसाफिरखान्याच्या आवारात ड्रम सापडले. शिक्षा झाली, उच्च न्यायालयात टिकली. मोहम्मद इनायतुल्ला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने अपील सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि १९७५ साली न्या. रणजितसिंह सरकारिया यांनी ते वाक्य टेबलावर ठेवून शिंप्यासारखी कात्री चालवली. ‘ड्रम ठेवलेली जागा मी सांगतो’, हे आत. ‘ते मी हाजी बंदरातून १ ऑगस्टला काढले’, हे बाहेर. कारण ड्रम सापडल्याने ते कोणी आणि केव्हा चोरले हे उघड झालं नाही. उरलेल्या अर्ध्या वाक्यात काय शिल्लक राहतं? ड्रम कुठे आहेत हे या माणसाला ठाऊक होतं, बस्स. ठाऊक कशामुळे? त्याने स्वतः ठेवले असतील, दुसऱ्याला ठेवताना पाहिलं असेल, कोणी सांगितलं असेल. आवार उघडं, येण्याजाण्याला मोकळं. माणूस सुटला.

तीन ड्रमच्या चोरीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढी चिरफाड करावी, याचं कोणाला हसू येईल. पण आजही कोयत्याच्या, पिस्तुलाच्या, रक्ताळलेल्या शर्टाच्या प्रत्येक पंचनाम्यावर तीच कात्री फिरते. आणि उघड्या जागेतून निघालेल्या हत्याराला अपिलात पहिला फटका याच निकालाने बसतो. विहिरीकाठी, नाल्यात, रेल्वे रुळाजवळच्या झुडपात आरोपी नेहमीच हत्यारं का लपवतात, हा बचावपक्षाचा लाडका प्रश्न इथूनच आला.

साक्षीदाराच्या जबाबाची गोष्ट वेगळी, थोडक्यात सांगता येण्याजोगी. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते. हा जबाब सरकारपक्षाला पुरावा म्हणून वाचता येत नाही. बचावाला मात्र साक्षीदाराच्या तोंडावर फेकता येतो. १९३९ साली पकला नारायण स्वामी या अपिलात लॉर्ड अॅटकिन यांनी ठरवलं की अटक होण्याआधी संशयिताने पोलिसांना दिलेला जबाबही या बंदीत येतो. तो खटलाही विसरण्यासारखा नाही: पुरीला आलेल्या आगगाडीच्या डब्यात पोलादी ट्रंक आणि तिच्यात माणसाच्या प्रेताचे तुकडे. महाराष्ट्रातल्या कोर्टांत या नियमाचं रोजचं रूप म्हणजे उलटतपासातलं एक वाक्य, ‘असे मी पोलिसांना सांगितले होते, माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही’. टंकलेखक ते न ऐकताही टाइप करू शकेल.

पोलिसाला सांगितलेलं बाद, पण पहारेकऱ्याला सांगितलेलं चालतं. हे मुंबईने सर्वांत नाट्यमय रीतीने पाहिलं ते २७ एप्रिल १९५९ ला. नौदलाचे कमांडर कावस नानावटी नेपियन सी रोडवरच्या ‘जीवन ज्योत’ इमारतीतून प्रेम आहुजाला गोळ्या घालून खाली उतरले. फाटकावरच्या पूरणसिंगने हटकलं. त्याला त्यांनी भांडणाचं आणि कारणाचं सांगितलं. तिथून ते नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे, कमांडर सॅम्युअलकडे गेले, त्यालाही सांगितलं, आणि मग गुन्हे शाखेचे उपायुक्त जॉन लोबो यांच्यासमोर हजर झाले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशाला ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६१ च्या निकालात पहारेकऱ्याचे आणि सॅम्युअलचे शब्द वजनाने तोलले गेले, कारण दोघंही पोलीस नव्हते. कमांडरने लोबोंचं दार आधी ठोठावलं असतं तर पूरणसिंगच्या साक्षीत काय उरलं असतं, हा खेळ विधी महाविद्यालयांत अजून चालतो.

दंडाधिकाऱ्यापुढची कबुली कायद्याच्या दृष्टीने सोवळी. पण अपिलात ते सोवळंही मोडतं. गांधी खून खटल्यातले ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे यांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे कबुली दिली आणि पुढे ती नाकारली. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने ती ग्राह्य धरून १० फेब्रुवारी १९४९ ला जन्मठेप सुनावली. पंजाब उच्च न्यायालय तेव्हा शिमल्यात बसत होतं. तिथल्या तिघा न्यायमूर्तींनी जून १९४९ मध्ये परचुरेंना सोडलं. कबुली स्वेच्छेची होती याची त्यांना खात्री वाटली नाही. त्याच प्रकरणात पोलिसांपुढच्या जबाबाची दुसरी बाजूही दिसते. २० जानेवारीला बिर्ला भवनात स्फोट करून पकडला गेलेला मदनलाल पाहवा बोलला होता, पुण्याच्या एका मराठी वर्तमानपत्राच्या संपादकाकडे बोट जाईल एवढं नक्कीच. कोर्टात त्या बोलण्याला किंमत नव्हती. पुढचे दहा दिवस तपासाला मात्र होती, आणि ते दहा दिवस कसे गेले हे शोधायला न्या. जीवनलाल कपूर यांचा आयोग १९६६ मध्ये बसवावा लागला. पुरावा म्हणून निरुपयोगी असलेला कागद प्राण वाचवायला पुरेसा ठरू शकतो, हे लिहून ठेवायला १९६९ उजाडलं.

मग सरकारलाच फट अपुरी वाटू लागली. १९८७ च्या दहशतवादविरोधी टाडा कायद्याच्या कलम १५ ने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली थेट पुराव्यात आणली. सव्वाशे वर्षांचा अविश्वास खांद्यावरच्या चांदण्या मोजून संपला. १९९४ मध्ये करतार सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी हे वैध ठरवलं. रामस्वामी आणि सहाय या दोघांना ते मान्य नव्हतं. टाडा १९९५ मध्ये संपला, पण १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांचा खटला त्याच कायद्याखाली चालला. २५७ मृत, १२३ आरोपी, न्या. प्रमोद कोदे यांच्यापुढे १०० दोषी. कबुल्या बहुतेकांनी नंतर नाकारल्या, तरी २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा आधार मोठ्या प्रमाणावर कायम ठेवला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध आपला मकोका केला आणि त्याचं कलम १८ त्याच साच्यातून काढलं: उपायुक्त दर्जाचा अधिकारी, मुक्त वातावरण, आरोपीची बोलायची खुशी आणि नंतर मुख्य दंडाधिकाऱ्यापुढे हजेरी. छळाची तक्रार केली तर वैद्यकीय तपासणी. कागदावर कुंपण चांगलं होतं.

ते कुंपण कसोटीला लागलं ११ जुलै २००६ च्या प्रकरणात. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत सात स्फोट, १८० हून अधिक मृत. दहशतवादविरोधी पथकाने तेरा जणांवर खटला भरला आणि बहुतेकांच्या कबुल्या निरनिराळ्या उपायुक्तांनी नोंदवल्या. मकोका न्यायालयाने ३० सप्टेंबर २०१५ ला पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. एक निर्दोष सुटला. अपिलं उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं पडून राहिली. अखेर न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्यापुढे रोज सुनावणी झाली. २१ जुलै २०२५ ला सहाशेहून अधिक पानांचा निकाल आला: बाराही निर्दोष.

या निकालात कबुल्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या गेल्या. वेगवेगळे आरोपी, वेगवेगळे उपायुक्त, आणि मजकुराचे काही तुकडे जुळणारे, नकलेसारखे. परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या मास्तरांना कॉपी कशी पकडायची हे ठाऊक असतं: बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, चुका सारख्या निघाल्या की समजायचं. केईएम आणि भाभा रुग्णालयांच्या नोंदींचाही न्यायालयाने विचार केला, छळाच्या तक्रारीत तथ्य असण्याची शक्यता त्यांतून दिसली. वकील मिळण्याचा हक्क आरोपींना नीट सांगितला गेला का, हाही प्रश्न होता. कबुल्या अपुऱ्या आणि खऱ्या नसलेल्या ठरून बाजूला पडल्या. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर मकोका खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही. ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली, त्यांच्या हाती १९ वर्षांनी ना गुन्हेगार ना उत्तर.

मालेगावचं चित्र याहून विचित्र. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांसाठी नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले, मकोकाखाली कबुल्या झाल्या, त्या मागे घेतल्या गेल्या. मग डिसेंबर २०१० मध्ये स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत दंडाधिकाऱ्यापुढे वेगळ्याच लोकांकडे बोट दाखवणारी कबुली दिली. पुढे तीही मागे घेतली. एकच स्फोट, दोन परस्परविरोधी कबुल्या, दोन्ही अखेर हवेत. नऊ जणांना २०१६ मध्ये आरोपांतून मुक्त करण्यात आलं.

मधल्या काळात यंत्रावरही भिस्त ठेवून पाहिली. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात नार्को चाचणीची चित्रफीत लोकांनी घरात बसून पाहिली. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना हरकत घेतली नव्हती. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सेल्वी निकालाने संमतीशिवायच्या चाचण्या बंद केल्या. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबच्या बाबतीत मात्र यंत्रणेने पाठ नीट गिरवलेला होता. नायर रुग्णालयाच्या खाटेवरची त्याची पोलिसांनी घेतलेली चित्रफीत सगळ्या जगाने पाहिली, पण शिक्षेचा आधार ती नव्हती. त्याची कबुली महिला दंडाधिकारी रमा सावंत-वाघुले यांनी २० आणि २१ फेब्रुवारी २००९ ला नोंदवली, विचार करायला आधी वेळ देऊन. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली.

आणि जयपूर. १३ मे २००८ ला जुन्या शहराच्या परकोट्यात सायकलींवर ठेवलेले बाँब फुटले, ७१ माणसं गेली. डिसेंबर २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने चौघांना फाशी दिली. २९ मार्च २०२३ ला राजस्थान उच्च न्यायालयाच्या न्या. पंकज भंडारी आणि न्या. समीर जैन यांनी चौघांनाही सोडलं. कोठडीतल्या निवेदनातून काही नवं उघड झालं, हे खंडपीठाला पटलं नाही. तपासावर कडक ताशेरे ओढून तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. त्याच साखळीतल्या न फुटलेल्या बाँबच्या वेगळ्या खटल्यात एप्रिल २०२५ मध्ये चार जणांना जन्मठेप झाली. मुंबईच्या ‘निवेदना’पुढे जे प्रश्न उभे राहिले, तेच जयपूरच्या ‘इत्तला’पुढे.

१ जुलै २०२४ पासून स्टीफनचा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. २५, २६, २७ ही तीन कलमं आता एकाच कलम २३ मध्ये आहेत. जुनी फट परंतुक होऊन शेपटाला लागली. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. त्याआधी, २०२२ मध्ये, सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक या अपिलात न्या. जमशेद पारडीवाला यांनी पंचनामा कसा करायचा हे जवळजवळ शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं लिहून दिलं: आधी दोन स्वतंत्र पंच ठाण्यात बोलवा, आरोपीला त्यांच्यासमोर बोलू द्या, त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा, मग निघा.

जसेच्या तसे, हीच अडचण. सातारचा शेतमजूर, नागपाड्याचा वेल्डर आणि सीतापुऱ्यात कामाला आलेला बिहारी पोरगा यांपैकी कोणीही आयुष्यात ‘कोणत्याही दबावाशिवाय स्वखुशीने निवेदन करतो की’ असं बोललेला नसतो. हवालदार आता टॅबलेट समोर धरतो, लाल ठिपका लुकलुकतो, झेरॉक्सवाला आणि रिक्षावाला बाजूला उभे राहतात. आरोपी काहीतरी पुटपुटतो, ‘तिकडं गोठ्यात ठेवलाय, चला दावतो.’ कागदावर मात्र अजून तेच वाक्य उतरतं, आणि सगळे जीपकडे निघतात.